नाव तेच, उत्तर वेगळं: सांगलीतल्या एका भाडेबिलाचं प्रकरण

१९ ऑक्टोबर २०१९, शनिवार. दिवाळी आठवड्यावर आली होती. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात दिवाणजींनी बेदाण्याची शिल्लक यादी माझ्यापुढे सरकवली आणि दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"ताई, हे जरा बघा की. या दोन लॉटचं भाडं एकसारखं कसं काय?"

पहिला लॉट १२ मार्चला आत आलेला, दुसरा २३ सप्टेंबरला. दोन्हींत २०० पेट्या. दोन्ही अजून आतच. आणि दोन्हींपुढे भाडं छापलेलं एकाच महिन्याचं.

तिथला भाड्याचा नियम सोपा आहे. पेटीमागे दरमहा ठरलेला दर, महिना म्हणजे ३० दिवस, सुरू झालेला महिना पूर्ण धरायचा आणि माल एकच दिवस राहिला तरी किमान एक महिना. १२ मार्च ते १९ ऑक्टोबर हे २२१ दिवस होतात, म्हणजे आठ महिन्यांचं भाडं हवं. यादीत एकाचंच होतं. मी यादी खालपर्यंत पाहिली. जो जो लॉट स्टोरेजमध्ये शिल्लक होता, त्या प्रत्येकापुढे एकच महिना. मार्चचा असो, एप्रिलचा असो, नाहीतर गेल्या पंधरवड्यातला असो.

प्रोग्रॅमने एकही चूक दाखवली नव्हती. यादी नेहमीसारखी छापली गेली होती, बेरीज बरोबर होती, पानं सरळ होती. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण बिघाडाचं मूळ कोडच्या ज्या ओळीत निघालं, त्या ओळीला १५ वर्षांत कुणी हात लावला नव्हता. ओळ तीच राहिली होती. तिच्याखालची प्रोग्रॅमिंगची भाषा बदलली होती.

कोड कसा होता

हे भाडेबिलाचं सॉफ्टवेअर मी २००४ मध्ये लिहिलं, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या चौथ्या आवृत्तीत. याच स्टोरेजच्या गणपती पेठेतल्या पेढीवर एक विंडोजचा कॉम्प्युटर होता, त्यावर ते चालायचं. आधी सगळं वहीत होतं. वहीत आवक तारीख, लॉट नंबर, मालकाचं नाव, पेट्या, जावक तारीख असे रकाने, आणि माल आत असेपर्यंत जावक तारखेच्या रकान्यात दिवाणजी "बाकी" असं लिहायचे. मी स्क्रीन तयार केली तेव्हा त्यांनी तीच सवय पुढे चालवली. माल गेला नसेल तर जावक तारखेच्या चौकटीत रोमन अक्षरांत "बाकी" टाइप करायचे. चौकट रिकामी ठेवा असं मी सांगितलं असतं, पण रिकामी चौकट म्हणजे भरायचं राहून गेलं की माल खरोखर आत आहे, हे कळत नाही. "बाकी" लिहिलं की कळतं. त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी कोड त्यांच्या सवयीप्रमाणे वळवला.

दिवाणजी तारीख दिवस-महिना-वर्ष अशी आडव्या रेघा देऊन लिहायचे. माझा कोड ती रेघांवर तोडून वर्ष-महिना-दिवस अशी उलटी करायचा आणि पीएचपीच्या स्ट्रटोटाइम या फंक्शनला, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या तयार आज्ञेला, द्यायचा. ही उलटापालट मुद्दाम केली होती. स्ट्रटोटाइमला तिरकी रेघ दिली की ते अमेरिकन पद्धतीने आधी महिना वाचतं, म्हणजे ०५/०६ ही आपली ५ जून त्याच्या लेखी ६ मे होते. वर्ष पुढे ठेवलं की तो घोळ राहत नाही.

स्ट्रटोटाइम मजकुरातली तारीख वाचून १ जानेवारी १९७० च्या, जागतिक वेळेतल्या (यूटीसी) मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो आकडा देतं. मजकूर तारीख म्हणून वाचताच आला नाही, तर चौथ्या आवृत्तीत ते −१ द्यायचं. "बाकी" ही काही तारीख नव्हे, म्हणून −१ यायचं. माझी ओळ अशी होती: जावक −१ असेल तर जावक म्हणजे आज. पुढे जावकेतून आवक वजा करायची, ८६,४०० सेकंदांनी भागून दिवस काढायचे, ३० ने भागून महिने वरच्या पूर्णांकात घ्यायचे, आणि महिने एकापेक्षा कमी आले तर एक धरायचा.

या हिशोबाने १५ हंगाम बिलं निघाली.

महापूर आणि स्थलांतर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गणपती पेठेतली दुकानं पाण्यात होती, पेढीही होती. कॉम्प्युटर गेला. कुपवाडला पाणी नव्हतं, माल सुखरूप होता, आणि दिवाणजी दर शनिवारी माहितीची एक प्रत पेनड्राइव्हवर कुपवाडला नेऊन ठेवत असल्यामुळे नोंदीही वाचल्या. मालकांनी एकच गोष्ट सांगितली: यापुढे हे तळमजल्यावर नको. म्हणून सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर हलवायचं ठरलं. तिथे पीएचपी ७.३ होतं.

चौथ्यावरून सातव्यावर उडी मारताना जे मोडलं, ते आरडाओरडा करून मोडलं. माहिती साठवणाऱ्या मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शन्स ७.० मध्ये काढून टाकली होती, त्यामुळे पहिलं पानच उघडेना. मजकुरात नमुना शोधणारं ईरेग गेलं होतं, तेही लगेच कळलं. फॉर्ममधली माहिती आपोआप व्हेरिएबलमध्ये (कोडमधल्या नाव दिलेल्या जागांत) येण्याची सोय ५.४ मध्येच बंद झाली होती, त्यामुळे कुठलाच फॉर्म भरला जाईना. मी आठ दिवस बसून एकेक दुरुस्त केलं. प्रत्येक वेळी सर्व्हर फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा सांगत होता. दमणूक झाली, पण भीती वाटली नाही. मोडकं काय आहे ते दिसत होतं.

तारखेची फंक्शन्स सगळी आपापल्या नावाने जागेवर होती. म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही.

पहिला धक्का, जो दिसला

सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी दिवाणजींचा फोन आला. "कागदावर १२ मार्च आहे, स्क्रीनवर ११ दिसतंय." सगळ्याच पावत्या एकेक दिवस मागे सरकल्या होत्या.

कारण लवकर सापडलं. जुना कॉम्प्युटर सांगलीतला, त्याचं घड्याळ भारतीय, आणि जुनी पीएचपी त्या मशीनचीच वेळ धरायची. १२ मार्चची रात्री १२ म्हणून जो आकडा साठवला गेला, तो जागतिक वेळेत ११ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाचा असतो, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. नव्या सर्व्हरवर टाइमझोन कुणी ठरवून दिलेला नव्हता. अशा वेळी पीएचपी ७ मुकाट्याने जागतिक वेळ धरते, म्हणून साठवलेला तोच आकडा ११ तारीख म्हणून छापला गेला.

यातली मधली एक पायरी मला फार महत्त्वाची वाटते. ५.१ पासून टाइमझोन ठरवला नसेल तर पीएचपी कुरकुर करायची, आणि ५.३ पासून तर दर वेळी ठणठणीत इशारा द्यायची. लोक त्या इशाऱ्याला वैतागले होते. ७.० मध्ये तो काढून टाकला. जे लोक ५.१, ५.३, ५.४ असे पायरी पायरीने चढले, त्यांनी तो इशारा पाहिला, टाइमझोन लिहून टाकला आणि विसरले. मी चौथ्यावरून थेट सातव्यावर आले. माझ्या वाट्याला इशारा आलाच नाही. तो माझ्या आधी येऊन निघूनही गेला होता. भाषेचे कर्ते इशारा ठरावीक वर्षं ठेवून मग काढतात तेव्हा सगळे वापरणारे त्या वर्षांत तिथून जातील असं गृहीत धरतात. लहान गावांत, लहान पेढ्यांवर तसं होत नाही. कॉम्प्युटर मोडेपर्यंत सॉफ्टवेअर बदलत नाही, आणि मोडला की एकदम दहा-पंधरा वर्षांची उडी बसते.

टाइमझोन एशिया/कोलकाता असा एका ओळीत लिहिला आणि तारखा जागेवर आल्या. मग मी मुद्दाम तपासणी केली. मार्च ते जुलैमधली छापलेली साठ बिलं कपाटातून काढली (ती कुपवाडला होती म्हणून कोरडी राहिली) आणि तेच लॉट नव्या सर्व्हरवर काढून ताडून पाहिले. रुपयाचाही फरक नाही. दिवाणजींनी प्रत्येक बिलावर बरोबरची खूण केली. तारखांचं काम झालं असं मी मालकांना सांगितलं, आणि मला तेव्हा ते खरंच वाटत होतं.

दुसरा, जो दिसला नाही

छापलेलं बिल कधी असतं? माल बाहेर गेल्यावर. म्हणजे मी ताडलेल्या साठही लॉटना जावक तारीख होती. "बाकी" असलेला एकही लॉट त्या गठ्ठ्यात असणं शक्यच नव्हतं. माझी तपासणी प्रामाणिक होती, पण तिने नेमकी मोडकी वाट सोडून बाकीचे सगळे रस्ते पाहिले.

आता १२ मार्चच्या लॉटचं पाऊल पाऊल बघू.

जावक चौकटीत "बाकी". स्ट्रटोटाइमला ते वाचता येत नाही. पीएचपी ५.१ पासून न वाचता आलेल्या मजकुराला −१ मिळत नाही, फॉल्स मिळतं, म्हणजे "खोटं" ही किंमत. माझी ओळ विचारते, हे −१ शी समान आहे का? पीएचपीत खरं-खोटं प्रकारची किंमत कशाशीही ताडली की आधी दोन्ही बाजू खरं-खोटंमध्ये बदलल्या जातात. शून्य सोडून कुठलाही आकडा "खरा" ठरतो, म्हणून −१ खरा. खोटं आणि खरं समान नाहीत. उत्तर येतं, नाही. म्हणजे माझ्या कोडच्या समजुतीने ही वैध तारीख आहे, आणि "जावक म्हणजे आज" ही ओळ ओलांडून तो पुढे जातो.

पुढे वजाबाकी. "खोटं"मधून आवकेचा आकडा वजा करायचा. इथेही पीएचपी तक्रार करत नाही, खोटं म्हणजे शून्य धरते. शून्य सेकंद म्हणजे १ जानेवारी १९७०, आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. थोडक्यात, मार्च २०१९ मध्ये आत आलेला बेदाणा जानेवारी १९७० मध्ये बाहेर गेला असा हिशोब. दिवस येतात उणे १७,९६७. ३० ने भागून वरचा पूर्णांक घेतला की उणे ५९८ महिने. आणि मग माझी शेवटची ओळ, जी मी शेतकऱ्याला आणि स्टोरेजला दोघांनाही न्याय म्हणून लिहिली होती: महिने एकापेक्षा कमी असतील तर एक.

उणे ५९८ हा आकडा कागदावर आला असता तर पहिल्याच दिवशी सगळे हबकले असते. किमान एक महिन्याच्या नियमाने त्यावर पांघरूण घातलं. जे उत्तर उघडउघड वेडगळ होतं, ते शेवटच्या ओळीत शहाणं दिसायला लागलं.

ओळ मी वेगळ्या तऱ्हेने लिहिली असती तर वाचले असते का, हे मी नंतर करून पाहिलं. नुसत्या समान चिन्हाऐवजी किमतीचा प्रकारही पाहणारी काटेकोर तुलना केली असती, तरी फॉल्स काही −१ होत नाही. "शून्यापेक्षा लहान आहे का" विचारलं असतं, तरी उत्तर नाहीच. "शून्यापेक्षा मोठं असेल तरच तारीख धर" असं उलट बाजूने लिहिलं असतं, तर मात्र दोन्ही आवृत्त्यांत बरोबर चाललं असतं. पण २००४ मध्ये तसं लिहायचं काही कारण नव्हतं. पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतलं उदाहरणही तेव्हा −१ शीच ताडत होतं. पुढे ते उदाहरण बदललं आणि शेजारी एका ओळीची टीप आली, की ५.१ च्या आधी इथे −१ शी तुलना करत असत. भाषेच्या बाजूने माझ्या नजरेला पडलं ते एवढं.

भाषेने हे का केलं

बदल करणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर कारण पक्कं आहे, आणि ते मी नाकारत नाही. −१ हा खुणेचा आकडा म्हणून वाईट होता. उणे एक सेकंद ही खरी वेळ आहे: ३१ डिसेंबर १९६९, जागतिक वेळेत रात्री ११:५९:५९, आपल्याकडे १ जानेवारी १९७० च्या पहाटेचे ५:२९:५९. ५.१ च्या आधी विंडोजवर १९७० पूर्वीच्या तारखा चालतच नव्हत्या, त्यामुळे −१ फुकट पडलेला होता आणि खूण म्हणून खपून जायचा. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या ५.१ ने तारखांचं सगळं इंजिनच नवं आणलं. पीएचपी घडवणाऱ्यांपैकी एक, डेरिक रेथान्स यांचं हे काम. १९७० पूर्वीच्या तारखा विंडोजवरही चालू लागल्या, जगभरच्या टाइमझोनची माहिती भाषेसोबतच मिळू लागली. आता −१ ही चूक आहे की खरोखरची वेळ, हे सांगता येणं गरजेचं झालं. फॉल्स हे जास्त स्वच्छ उत्तर आहे यात वाद नाही.

त्याच ५.१.० मध्ये आणखी एक बदल होता. भाषेने स्वतःचा डेट नावाचा क्लास, म्हणजे तारखा हाताळणारा कोडचा तयार साचा, आणला. पण पेअर या सामायिक कोडसंग्रहात त्याच नावाचा क्लास आधीपासून होता आणि कित्येकांच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरात होता. दोन्ही नावं एकमेकांवर आदळली, साइट्स जागच्या जागी बंद पडल्या, ओरड झाली. काही दिवसांतच ५.१.१ आली आणि तो क्लास मागे घेतला गेला.

एकाच आवृत्तीतले हे दोन बदल मी शेजारी शेजारी ठेवून पाहते तेव्हा अस्वस्थ होते. जो बदल मोठ्याने मोडला, तो आठवड्याभरात मागे गेला. जो मुकाट्याने मोडला, तो तसाच राहिला आणि १४ वर्षांनी कुपवाडमध्ये बेदाण्याच्या यादीत उगवला. पहिल्याने किती नुकसान केलं ते मोजता आलं, कारण लोकांना कळलं. दुसऱ्याचं मोजमाप कुणाकडेच नाही, कारण ज्यांचं चुकलं त्यांच्यातल्या अनेकांना ते आजही कळलेलं नसेल.

माझं मत असं आहे. स्ट्रटोटाइम −१ देत राहायला हवं होतं. १९६९ मधला तो एक सेकंद चुकीचा राहिला असता, राहू द्यायचा होता. स्वच्छ उत्तर देणारं नवं फंक्शन नव्या नावाने आणायचं, नव्यांना तेच शिकवायचं, आणि जुन्याला हळूहळू माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानात जाऊ द्यायचं. नाव हा करार असतो. उत्तराचा अर्थ बदलायचा तर नावही बदलावं, म्हणजे जुन्या कोडला निदान मोडून पडता येतं. याच्या उलट बाजूला वजनदार मुद्दा आहे: अशाने भाषेत एकाच कामाची दोन-दोन, तीन-तीन फंक्शन्स साठत जातात, आणि शिकणाऱ्याने नेमकं कुठलं घ्यायचं याचा गोंधळ होतो. तो गोंधळ खरा आहे. पण शिकणारा विचारू शकतो. १५ वर्षं जुनी ओळ कुणाला विचारणार?

हे स्वप्नाळू बोलणं नाही, असं वागलेल्या भाषा आहेत. जावातला पहिला डेट क्लास जवळजवळ सगळ्या बाजूंनी चुकलेला होता. महिने शून्यापासून, वर्ष १९०० पासून मोजायचं. १९९७ च्या पुढच्याच आवृत्तीत त्यातली बहुतेक फंक्शन्स नापसंत (चालतील, पण यापुढे वापरू नका) म्हणून नोंदवली, २०१४ मध्ये जावा ८ सोबत तारखांचा पूर्ण नवा संच वेगळ्या नावाने आला, आणि जुना डेट आजही आहे तिथे, त्याच चुकीच्या पद्धतीने, पण विश्वासाने महिने शून्यापासून मोजतो आहे. जावास्क्रिप्टने १९९५ मध्ये जावाचंच डेट उचललं. त्यातलं वर्ष विचारणारं जुनं फंक्शन २००० साली १०० असं उत्तर द्यायला लागलं. ते दुरुस्त करण्याऐवजी पूर्ण वर्ष देणारं दुसरं फंक्शन वेगळ्या नावाने ठेवलं. तारखांची पुरती नवी व्यवस्था करायची वेळ आली तेव्हाही डेटला हात न लावता टेम्पोरल हे निराळं नाव घेतलं.

पण जावास्क्रिप्टही एकदा घसरली, आणि ती घसरण आपल्याकडच्या साडेपाच तासांत चांगली जाणवते. तारीख आणि वेळ दोन्ही लिहिली, पण टाइमझोन लिहिला नाही, तर ती वेळ कुठली धरायची? भाषेच्या २००९ च्या प्रमाणित नियमावलीत उत्तर होतं जागतिक. २०१५ च्या नियमावलीत झालं स्थानिक. फंक्शन तेच, मजकूर तोच. नुसती तारीख लिहिली तर मात्र अजूनही जागतिकच धरतात. सांगलीत बसून सकाळी ९ ची नोंद केली आणि ती दुपारी अडीचची दिसली, तर मुळाशी बहुतेक हेच असतं.

टाइमझोनच्या नावांतच एक चांगलं उदाहरण दडलंय. जगभरच्या टाइमझोनची जी सामायिक यादी बहुतेक भाषा वापरतात, तिच्यात आपलं नाव आधी एशिया/कलकत्ता होतं. शहराचं अधिकृत नाव बदलल्यावर २००८ मध्ये यादीतही एशिया/कोलकाता झालं. पण जुनं नाव पुसलं नाही. ते नव्याकडे बोट दाखवत आजही चालतं. ज्याने २००४ मध्ये कलकत्ता लिहून ठेवलंय, त्याचं घड्याळ एका सेकंदानेही हललेलं नाही. यादी सांभाळणाऱ्यांनी दाखवलेली ही काळजी मला मनापासून भावते.

दुरुस्ती

कोडमधली दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण तेवढ्यावर थांबले नाही. "बाकी" हा शब्द तारीख वाचणाऱ्या फंक्शनकडे जाऊ देणंच चूक होतं. चुकीच्या उत्तरावर विसंबून बरोबर काम करणारा कोड मी लिहिला होता. आता चौकटीत "बाकी" आहे का हे आधी वेगळं विचारलं जातं. आहे तर आजची तारीख घ्यायची. नाही आणि तरीही तारीख वाचता येत नाही, तर नोंद अडवायची आणि लाल अक्षरांत सांगायचं. शिवाय महिने एकापेक्षा कमी आले तर एक धरण्याआधी दिवस उणे आहेत का ते बघायचं, आणि उणे असतील तर बिल छापायचंच नाही. या शेवटच्या एका ओळीने पहिल्याच दिवशी सगळं उघड केलं असतं.

यादीतल्या शिल्लक लॉटची दिवाळीपूर्वीची अंतरिम बिलं काही बागायतदारांना आणि व्यापाऱ्यांना गेलेली होती. तासगाव, मणेराजुरी, सावळजकडची मंडळी. महापूर आणि पाठोपाठ लांबलेला पाऊस, असं ते साल. अशा वेळी "तुमचं भाडं एक महिना नव्हे, आठ महिने" हे सांगणं अवघड होतं. मालकांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला, सुधारित बिलासोबत चूक सॉफ्टवेअरची होती असं लिहून दिलं, आणि फरक भरायला हंगाम संपेपर्यंत मुदत दिली. त्यांतल्या दोघांनी आपण होऊन सांगितलं की भाडं कमी वाटलं होतं, पण स्टोरेजने पुरामुळे सूट दिली असेल असं समजलो. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. चुकीच्या आकड्याला माणसं आपल्या परीने चांगला अर्थ लावतात.

त्यानंतर

आम्ही आता कुपवाडला एक छोटी वही ठेवली आहे, "अवघड लॉट" नावाची. सर्व्हरवर पीएचपीची आवृत्ती बदलण्याआधी त्या वहीतला प्रत्येक लॉट खोट्या नावाने भरून बिल काढायचं आणि हाताने केलेल्या हिशोबाशी ताडायचं. त्यात "बाकी"चा लॉट पहिला. रात्री २ वाजता आलेल्या गाडीचा दुसरा, कारण टाइमझोन चुकला की तो आदल्या दिवशी जातो. ३१ डिसेंबरला आत आणि १ जानेवारीला बाहेर असा एक. अर्ध्या पेट्या गेल्या आणि अर्ध्या बाकी असा एक. तारखेत चुकून तिरकी रेघ टाकलेला एक.

२०२२ मध्ये आम्ही ८.१ वर गेलो. बिलाच्या मथळ्यातली तारीख मी स्ट्रफटाइम या फंक्शनने छापत होते, आणि ८.१ ने ते नापसंत ठरवलं आहे. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदफाइलीत, दर बिलामागे एक सूचना पडायला लागली: हे फंक्शन पुढे जाणार आहे, पर्याय वापरा. तारीख मात्र जुनीच, बरोबर छापली जात होती. लॉग भरून वाहत होता आणि मला ते बघून बरं वाटलं. त्या संध्याकाळी सगळीकडचं स्ट्रफटाइम बदलून टाकलं.

वहीतला शेवटचा लॉट दिवाणजींनी स्वतः घातला, मला न विचारता. आवक २९ फेब्रुवारी २०२४, जावक बाकी. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: पुढच्या वर्षी ही तारीख नसते, तेव्हा बघणे.